चंदी

रात्री साडेनऊला मी ओट्स भिजत घालतो.
एक वाटी ओट्स, दोन वाट्या कोमट पाणी,
चमचाभर ताक, चिमूटभर नाचणीचं पीठ.
वरून बशी.
नाचणी माझी. बाकी सगळं इसोबेल गॉल्डचं,
वरच्या मजल्यावरची, वय त्र्याऐंशी,
तागाच्या गिरणीत कान गमावून बसलेली,
त्यामुळे जे सांगायचं ते ओरडून.
"कच्चे गिळतोस? कोरडे? वर गार दूध?
मग पोटाचा दगड होईल नाहीतर काय!"
हे जिन्यात. चारी मजल्यांनी ऐकलं.

डंडीत डिसेंबरात चारलाच अंधार.
टे नदीवरून धुकं चढतं,
पुलावरची गाडी नुसती ऐकू येते.
बत्तीस वर्षं बस चालवली मी या गावात,
शेवटच्या थांब्यावर चार मिनिटांत सँडविच,
आणि आता डॉक्टरीणबाई म्हणतात, आतडं थकलंय.
थकेल नाहीतर.

इसोबेल म्हणते, दाणा आतून कडी लावून बसतो.
त्याला खाल्लं जायचं नसतं, उगवायचं असतं.
पाण्यात ठेवलास की त्याला वाटतं
आपली वेळ आली,
आणि तो आपणहून कडी काढतो.
म्हणजे फसवायचंच की त्याला, मी म्हणालो.
तिला ऐकू गेलं नाही.
किंवा गेलं असेल.

सकाळी बशी उचलली की वास येतो,
किंचित आंबूस, ओल्या पोत्यासारखा.
हा वास मला इथे नव्यानं भेटलेला नाही.

मिरज स्टेशनबाहेर आमचा टांगा होता.
घोडा पाखऱ्या, एक कान दुमडलेला.
रात्री हरभरे भिजत घालायचे बादलीत,
सकाळी टरारून फुगलेले दाणे तोबऱ्यात.
पाखऱ्याची चंदी आधी, आमची भाकरी मागाहून.

भिजत घालायचं काम माझं होतं.
एका रात्री विसरलो.
पहाटे कोरडेच हरभरे ओतले तोबऱ्यात
आणि वर बादलीभर पाणी पाजलं.
दुपारी पाखऱ्या गाडीतळावर लोळत होता,
पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं,
स्वतःच्याच कुशीकडे वळून वळून बघत,
जणू आत कोण आहे विचारत.

चंदी कुणी दिली, वडिलांनी विचारलं.
मी, म्हणाला सर्जेराव.
नऊ वर्षांचा होता. का म्हणाला, माहीत नाही.
चाबूक घोड्याचा होता,
आणि संध्याकाळपर्यंत घोडा राहिला नव्हता.

मी गप्प बसलो. तेव्हा, आणि पुढची त्रेपन्न वर्षं.
लोक म्हणतात घोंगडं भिजत पडलंय.
घोंगडं निदान भिजतं तरी.

रविवारी त्याचा फोन येतो.
गुडघे, पाऊसपाणी, भावकीतली लग्नं.
परवा म्हणाला, काय खातोस रे सकाळी?
ओट्स.
म्हणजे?
जई रे, जई.
हसला, खोकला, पुन्हा हसला.
"म्हणजे चंदीच की!"
मग पलीकडे कुकरची शिट्टी झाली,
कुणीतरी गॅस बारीक केला,
आणि तो हळू म्हणाला,
"भिजवतोस न्हवं?"

ओट्याला टेकून उभा होतो म्हणून बरं.
भिजवतो, म्हटलं. रोज.
"किती वेळ?"
रात्रभर. सर्जा, त्या दिवशी मी
"मग झालं की," तो म्हणाला,
"रातभर म्हंजे बास."
आणि तुमच्याकडं बर्फ पडला का विचारायला लागला.

पडला नव्हता. धुकं होतं.
वर इसोबेलनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.
मी पातेलं मंद आचेवर ठेवलं,
आणि तळाशी लागू नये म्हणून
ढवळत राहिलो.